गाडी मागते तेव्हा

तिसरा गिअर पडला, मोटारसायकल थंडी वाजून आल्यासारखी थडथडली आणि दोन आचके देऊन जागच्या जागी बंद पडली. वर बसलेली बेकरीवाली पोटाने टाकीवर आदळली. तिने पाय टेकून गाडी सावरली, हेल्मेटची काच वर केली आणि मागे वळून मास्तरांकडे पाहिलं. चेहऱ्यावर ना भीती, ना ओशाळलेपण. कुलपाला चुकीची किल्ली लावली गेली की माणूस जसा आधी किल्लीकडे आणि मग कुलपाकडे बघतो, तशी ती आधी गाडीकडे आणि मग मास्तरांकडे बघत होती.

"अगं, एवढी घाई कशाला? अजून दुसऱ्यावरच राहू द्यायची होतीस!"

मास्तर आवाराच्या पार त्या टोकाला ऐकू जाईल असे ओरडले. ओरडून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की ज्या एका माणसासाठी घसा ताणला, नेमकं त्यालाच ते ऐकू गेलेलं नाही.

बेकरीवालीला ऐकू येत नव्हतं. चार वर्षांची असताना ताप आला आणि उतरताना कान घेऊन गेला, असं तिचा भाऊ सांगायचा. तो या वेळी बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याच्या भिंतीशी, जुन्या टायरांच्या चळतीवर बसला होता. मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलचं मैदान म्हणजे याच कारखान्याचं आवार. बहिणीची शिकवणी सुरू झाल्यापासून भाऊ रोज दुपारी बेकरीचं शटर अर्धं ओढून इथे यायचा आणि मास्तरांचं बोलणं हातांनी तिला सांगायचा. तिला ओठ वाचता यायचे. पण मास्तरांच्या मिशा वरच्या ओठावरून खाली उतरून खालच्या ओठाचीही विचारपूस करत असल्यामुळे तिथे वाचायला काही उरलेलं नव्हतं.

"विचार तिला, तिसरा का टाकला?"

भावाचे हात हलले. तिचे हात त्याहून भरभर हलले.

"ती म्हणते, मग कधी टाकायचा?"

"गाडी मागेल तेव्हा."

"ती म्हणते, गाडी मागते कशी?"

"कशी म्हणजे? आवाज चढतो. इंजिन ओरडायला लागतं, त्याला पुढचा गिअर हवा असतो. आणि कण्हायला लागलं की समजायचं, ओझं झेपत नाही, मागचा द्यायचा." इथे मास्तर जरासे अडखळले. पण पुढचं वाक्य जन्मभराच्या सवयीचं होतं, ते थांबवूनही थांबलं नसतं. "गिअर पायाने टाकायचा नसतो, कानाने टाकायचा असतो."

भावाचे हात अर्ध्यावर राहिले.

"हे कसं सांगू, मास्तर?"

"आहे तसं सांग."

त्याने सांगितलं. बेकरीवालीने क्षणभर डोळे बारीक केले, मग स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावून दोन बोटं हवेत चालवून दाखवली. तिचे खांदे हसण्याने हलत होते.

"ती विचारतेय, तुमच्या कानांना पाय फुटलेत का?"

मास्तरांनाही हसू आलं. पण ते मिशांतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निराळा उपाय काढला. वेगाच्या काट्याच्या काचेवर लाल रंगाने खुणा केल्या. काटा इथे आला की दुसरा, इथे आला की तिसरा, इथे चौथा. सोपं काम. बेकरीवालीने मान डोलावली, गाडी सुरू केली, काट्यावर डोळे रोवले आणि अगदी बिनचूक खुणेवर बिनचूक गिअर टाकत टायरांच्या चळतीच्या रोखाने निघाली. भाऊ कसा उडाला ते त्याचं त्यालाच ठाऊक. टायर चहूकडे घरंगळले.

"डोळे रस्त्यावर, डोळे रस्त्यावर!" मास्तर हातवारे करत धावले.

तिने काचेवरच्या खुणांकडे बोट दाखवलं, मग रस्त्याकडे, मग स्वतःच्या दोन डोळ्यांकडे. याचा अर्थ भावाला सांगावा लागला नाही.

त्यात मागच्या कॅरिअरवर पिठाची पोती बांधून पाहिलं, तर त्या खुणांचाही काही भरवसा उरला नाही. मोकळी गाडी जिथे खुशीत तिसरा घेत होती तिथे भरलेली गाडी मान टाकत होती. आणि तिला मोकळी गाडी चालवायचीच नव्हती. पहाटे बेकरीतून पावाचे ट्रे भरून दुकानादुकानांत, दवाखान्यात आणि टेकाडावरच्या वसतिगृहात पोचवायचे, हे काम वडील गेल्यापासून भाऊ करत होता. आता भावाला बंदरात जागा मिळाली होती. महिनाअखेरीला त्याला जायचं होतं.

त्या संध्याकाळी तो मास्तरांना जरा बाजूला घेऊन गेला आणि बहिणीकडे पाठ करून उभा राहिला.

"मास्तर, खरं सांगा. जमेल का तिला?"

"लगेच कसं सांगू?"

"नसेल जमणार तर आत्ताच सांगा. मी त्यांना नाही म्हणून कळवतो. एकदा कळवलंय तसं, वडील गेले तेव्हा. आता दुसऱ्यांदा. तिला बोलू नका, पण..."

त्याचं बोलणं तिथेच थांबलं. बेकरीवाली गाडी स्टँडला लावून दोघांना वळसा घालून समोर येऊन उभी राहिली होती. हाताची घडी घालून आधी भावाच्या ओठांकडे, मग मास्तरांच्या मिशांकडे बघत राहिली. भावाने नजर चुकवली. तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली, जोरात, आणि हेल्मेट उचलून पुन्हा गाडीकडे गेली.

"काही बोलली का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. मारलं फक्त."

मास्तर घरी आले ते डोक्यात भुंगा घेऊन. आजवर त्यांनी कुणाला माघारी पाठवलं नव्हतं. ब्रेक दाबायच्या ऐवजी डोळे मिटणारा शिंपी त्यांच्याकडे शिकून गेला होता, डावं-उजवं न कळणारी शिक्षिका शिकून गेली होती. प्रश्न तो नव्हताच. प्रश्न असा होता, की एक साधी गोष्ट आपण आयुष्यभर करतो, दुसऱ्यांना शिकवून पोट भरतो, आणि ती आपल्याला कशी कळते हे कुणी विचारलं तर आपल्याकडे एका वाक्याखेरीज काही नाही. आणि ते वाक्यही तिच्या उपयोगाचं नाही.

स्वयंपाकघरात मास्तरीणबाई दुधापाशी उभ्या होत्या. खरं तर त्यांनी कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण मास्तरांची बायको म्हणून गल्लीने त्यांना हे नाव चिकटवून टाकलं होतं. दूध वर येणार इतक्यात त्यांनी मागे न बघता हात लांबवून गॅस बंद केला.

"थांब," मास्तर म्हणाले. "हे तुला कसं कळलं?"

"काय?"

"दूध वर येणार ते. तू तर तिकडे बघत होतीस."

मास्तरीणबाईंनी पातेल्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"आधी ते सूं सूं करत असतं," त्या विचार करत म्हणाल्या. "मग एकदम गप्प होतं. गप्प झालं की समजायचं, आता येणार. बरं झालं बाई, तुम्ही आज जागेवर आहात. मला तुम्हाला एक..."

"म्हणजे परत आवाजच!" मास्तरांनी मांडीवर हात मारला आणि उठून बाहेर गेले. एवढा वेळ धरून ठेवलेला गॅसचा लायटर मास्तरीणबाईंनी खिळ्याला अडकवून टाकला.

दुसऱ्या दिवशी शिकवणी संपवून भाऊ-बहीण गेल्यावर मास्तर मैदानावर एकटेच मागे राहिले. औषधाच्या पेटीतून त्यांनी कापूस काढला, दोन बोळे केले, तेलात बुडवले, कानांत घट्ट बसवले आणि वरून हेल्मेट चढवलं. जग एकदम लांब गेलं. झाडावर कावळा चोच उघडत होता आणि त्यातून काही येत नव्हतं.

गाडी सुरू झाली आहे हे कळायला त्यांना खाली वाकून बघावं लागलं. पण एकदा निघाल्यावर त्यांना काही म्हणता काही अडलं नाही. पहिला, दुसरा, तिसरा. पाय आपापलं काम करत होता. मैदानाला फेरी मारून ते खूश झाले आणि मग एकदम नाराज झाले. म्हणजे कान लागत नाही! मग लागतं काय? दुसऱ्या फेरीला ते स्वतःवर पाळत ठेवून बसले. आता टाकशील, आता कसा टाकतोस बघू. आणि पाळत ठेवल्याबरोबर सगळं बिघडलं. दुसरा फार लवकर पडला, तिसरा पडेचना, एकदा तर गिअर कुठल्या पायाला असतो हेच क्षणभर आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांची गाडी त्यांच्याच मैदानावर आचके देऊन बंद पडली. त्यांनी चोरट्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. कावळा तेवढा होता.

मग त्यांनी पोती बांधली आणि पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढाचा रस्ता धरला. तिथे मात्र त्यांना ते सापडायला लागलं. एकदम नाही, जरा जरासं. दुसऱ्यावर मूठ पिळली की गाडी मांड्यांना धरून पुढे ओढते. ती ओढ काही वेळ टिकते आणि मग पातळ होते. मूठ पिळलेलीच असते, पण पाठीमागचा हात कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. त्याच वेळी तळपायाखालची दांडी बारीक झिणझिणायला लागते, मुंग्या आल्यासारखी, आणि ती झिणझिण गुडघ्यापर्यंत चढते. हे झालं मागणं. आणि उलट, चढ लागला, ताकद संपली, की झिणझिण जाते आणि जाडं, सुटं सुटं धडधडणं येतं. एक एक ठोका वेगळा मोजता यावा असं. ते पेट्रोलच्या टाकीत येतं, मांड्यांत येतं, पोटात येतं. इतकी वर्षं हे सगळं त्यांच्या अंगावरून जात होतं आणि ते सगळं श्रेय कानांना देत होते.

ती झिणझिण विसरून जायला नको, बोलण्याबिलण्यात हरवायला नको, म्हणून ते कापूस कानांत तसाच ठेवून घरी आले. खुर्चीत बसून त्यांनी चपलेतून पाय काढले आणि जमिनीवर तळवे टेकवून डोळे अर्धे मिटले. मास्तरीणबाई समोर येऊन बसल्या. त्यांच्या हातात भाजी होती, सुरी होती, आणि त्या बोलत होत्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलत होत्या. मधेच थांबल्या, सुरीने खिडकीबाहेर कुठेतरी दाखवलं, पुन्हा बोलल्या. मग त्यांनी प्रश्न विचारला असावा, कारण त्या थांबून बघत राहिल्या.

मास्तरांनी डोळे उघडले. कापूस काढायचा तर तो का घातला हे सांगावं लागणार, आणि ते सांगायला बसलं तर पायातली मुंगी उडून जाणार. नवरे मंडळींचा ठेवणीतला चेहरा करून त्यांनी मान हलवली.

"हो. चालेल. कर की."

मास्तरीणबाईंचा भाजी चिरणारा हात थांबला. त्या मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, आणि मग पुन्हा चिरायला लागल्या. त्यांच्या गालावर, कानाजवळ, काहीतरी हललं. मास्तरांना मनातून मोठी गंमत वाटली. घरही कानांशिवाय बऱ्यापैकी चालतं म्हणायचं!

सकाळी त्यांनी आरशासमोर उभं राहून मिशा कापल्या. अगदी सगळ्या नाही, पण दोन्ही ओठ उघडे पडतील इतक्या.

मैदानावर बेकरीवालीने त्यांना पाहिलं आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. भाऊ काही सांगायला लागला तर मास्तरांनी त्याला हाताने थांबवलं आणि स्वतःच, एक एक शब्द सुटा करत म्हणाले,

"आता, कळतं, का, काय, म्हणतो, ते?"

ती जोरजोरात मान हलवून हसली. मग भावाच्या तोंडून सांगितलं, की इतकं तोंड वासू नका, पडजीभ दिसते. नेहमीसारखं बोला.

मास्तरांनी गाडी मधल्या स्टँडवर उभी केली, सुरू केली आणि तिला वर बसवलं. एक तळवा टाकीवर ठेवायला लावला, बूट काढायला लावून अनवाणी पाय दांड्यांवर. मग ते खाली बसून हळूहळू मूठ पिळायला लागले. तिने आपणहून डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग तिची भुवई वर गेली. तिने मोकळा हात हवेत धरून बोटं बारीक थरथरवली, पावसाच्या भुरभुरीसारखी. मास्तरांनी मूठ सोडली, इंजिन मंदावलं, आणि तिने बोटं मिटून मूठ केली, ठोके दिल्यासारखी: धड, धड, धड.

"तेच! अगदी तेच!" मास्तर ओरडले, आणि या वेळी तिने डोळे उघडून ते ओठांवरून वाचलं.

त्या दिवसापासून त्यांच्यात ही दोन अक्षरांची भाषा सुरू झाली. थरथरती बोटं म्हणजे पुढचा दे. मूठ म्हणजे मागचा दे. मास्तर मागे बसून तिच्या खांद्यावर खुणा करायचे. पुढे पुढे खुणा करायच्या आधीच गिअर पडायला लागला. गाडी बंद पडायची थांबली. भाऊ टायरांवर बसून डुलक्या घ्यायला लागला, आणि मास्तरांच्या लेखी प्रगतीची याहून मोठी पावती नव्हती.

मग एक दिवस ते पोती बांधून पाण्याच्या टाकीच्या चढावर गेले. वळण संपलं, चढ समोर आला. मास्तर मागे बसून तळपायांनी ऐकत होते. गाडी छान चालली होती, झिणझिण नाही, धडधड नाही, सगळं मऊ. आणि मधेच, काही कारण नसताना, तिने मागचा गिअर टाकला. मास्तर तिच्या पाठीवर थाप मारणार, इतक्यात चढ चाकांखाली आला आणि गाडी न कुरकुरता, एका ओढीत वर गेली.

टाकीपाशी उतरल्यावर त्यांनी तिला विचारलं, "तू आधीच कसा टाकलास? अजून गाडीने मागितला नव्हता."

तिने फोन काढून लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरला. 'समोर चढ दिसत होता की.'

मास्तर वाचत राहिले. तिने फोन परत घेऊन आणखी एक ओळ लिहिली. 'ती कुरकुर करेपर्यंत कशाला थांबायचं?'

मास्तरांनी रस्त्याकडे वळून पाहिलं. चढ खरोखरच दिसत होता. वळणापासून दिसत होता. या रस्त्यावरून ते शेकडो वेळा वर आले होते आणि दर वेळी गाडी कण्हल्यावरच त्यांनी तिला मागचा गिअर दिला होता. गाडीचं ऐकतो, याचा त्यांना अभिमान होता. तिला कण्हावंच लागू नये, ही कल्पना कधी डोक्यात आली नव्हती. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, आणि परत जाताना मागच्या सीटवर बसून उतार, खड्डे, चौक असं सगळं ती बघायच्या आधी बघायचा प्रयत्न करत राहिले. बऱ्याच वेळा ती जिंकली.

घरात मात्र याच सुमारास काहीतरी चाललं होतं आणि ते काय, हे मास्तरांना उमगत नव्हतं. मास्तरीणबाई पहाटे उठायला लागल्या होत्या. मास्तर जागे होईपर्यंत चहा थर्मासात भरलेला आणि घर रिकामं. दारामागे नवे, सपाट तळाचे बूट दिसायला लागले. दिवसा त्या गुणगुणायच्या. एकदा भिंतीकडे बघत बोटांनी हवेत काहीतरी करत होत्या. मास्तर आले तसे त्यांनी हात पदराला पुसल्यासारखं केलं. आपण त्या संध्याकाळी कशाला तरी 'कर की' म्हणालो आहोत, एवढं मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. आता जाऊन विचारावं, तर ऐकलं नव्हतं हे कबूल करावं लागणार. म्हणून मग त्यांनी गाडीसारखंच नुसत्या लक्षणांवरून ओळखायचं ठरवलं. पहाट. सपाट बूट. चेहऱ्यावर आलेला तजेला. दोन-तीन दिवसांत त्यांनी निदान केलं: फिरायला जाते. गुडघ्यांसाठी. सुरीने तेव्हा खिडकीबाहेर दाखवलं होतं, ते बागेकडेच. मास्तरांना स्वतःचं कौतुक वाटलं.

"छान आहे हं. असंच चालू ठेव," एकदा जेवताना ते मोघम म्हणाले.

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे बघून मीठ पुढे सरकवलं.

परीक्षेच्या दिवशी निरीक्षकाने बेकरीवालीला आवाराला फेऱ्या घालायला लावल्या, चढावर थांबवलं, पुन्हा निघायला लावलं, आणि कागदावर सही करून मास्तरांना हळूच विचारलं, "हिला गिअरचं कळतं कसं हो?" मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "तिलाच विचारा." भाऊ त्याच आठवड्यात बंदराकडे गेला. जाताना त्याने बहिणीला हातांनी इतकं काही सांगितलं, की शेवटी तिने त्याचे दोन्ही हात धरून ठेवले.

पहिल्या फेरीला मागे बसायचं मास्तरांनी कबूल केलं होतं. त्या दिवशी ते उठले तेव्हा मास्तरीणबाई नेहमीप्रमाणे फिरायला गेलेल्या होत्या. बाहेर नुकतं फटफटत होतं. बेकरीचं शटर वर होतं आणि भाजल्या पावाचा वास कोपऱ्यावरूनच यायला लागला होता. बेकरीवाली दाराशी गाडीला ट्रे बांधत होती. भाऊ गेला, ही फेरीला निघाली, आता आत गल्ल्यावर कोण, असा विचार करत मास्तर पायऱ्या चढले.

आत गल्ल्यावर मास्तरीणबाई होत्या. सपाट बूट, कमरेला पांढरं फडकं, केसांना पीठ. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला पाव बांधून देता देता त्यांनी दाराकडे बघून हातांनी काहीतरी विचारलं. दारातून बेकरीवालीने हातांनीच उत्तर दिलं. मास्तरीणबाईंनी पुन्हा काही केलं: ओठांवर दोन बोटं आडवी, मग कात्री. दोघी खांदे हलवून हसल्या. मास्तर मधे उभे होते. एका बाईच्या हातांकडून दुसरीच्या हातांकडे बघत होते आणि त्यांना एक अक्षर लागत नव्हतं.

"हे कधी शिकलीस?"

"इथेच. तिच्या भावाने दोन आठवडे काम दाखवलं, तेव्हा. मग काय, दोघींनी मुक्याने बसायचं?"

"तू फिरायला जात होतीस ना?"

"फिरायला?" मास्तरीणबाई पाव मोजता मोजता थांबल्या. "कोण म्हणालं? मी तुम्हाला विचारलं होतं की. तिची फेरी सुरू झाली की सकाळी गल्ल्यावर माणूस लागेल, तिने मला विचारलंय, बसू का? तुम्ही हो म्हणालात."

मास्तरांनी घसा साफ केला.

"हो हो. म्हणालो होतो."

"कानांत कापूस घालून," मास्तरीणबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने दोघांकडे पाहिलं आणि पाव घेऊन जायच्या ऐवजी ते तिथेच रेंगाळलं.

"दिसला होता?" मास्तरांनी विचारलं.

"उजव्या कानातून केवढी शेपटी लोंबत होती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"ऐकू आलं असतं तर 'बघू' म्हणाला असतात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दोर कुठे ठेवला ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि पुढचा पाव कागदात गुंडाळला. "मला 'बघू' नको होतं."

मास्तर गल्ल्यासमोर उभे राहिले. बाहेर गाडी सुरू झाली होती आणि उंबऱ्याच्या फरशीतून तिची थरथर त्यांच्या तळव्यांपर्यंत येत होती.

"मग आता विचार," ते म्हणाले.

"आता? आता काय राहिलंय विचारायचं?"

"तरी विचार. कान मोकळे आहेत."

मास्तरीणबाईंनी हातातला पाव खाली ठेवला. फडक्याला हात पुसले. एवढ्या वर्षांच्या संसारात कधी संकोचल्या नव्हत्या तशा त्या जरा संकोचल्या, आणि मग नीट त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या,

"सकाळची मी इथे बसू का?"

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं आणि नेमका तेव्हाच बाहेर हॉर्न वाजला. तो किती मोठा वाजतो याची बेकरीवालीला कल्पना नव्हती, त्यामुळे ती तो एकदा दाबला की धरूनच ठेवायची. बरण्यांची झाकणं वाजली, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने कानांवर हात ठेवले. त्या सगळ्या गदारोळात मास्तरांचे ओठ हलत होते; एक शब्द नाही, चांगली दोन-तीन वाक्यं. मास्तरीणबाई त्या ओठांकडे बघत होत्या.

हॉर्न थांबला. मास्तरीणबाईंनी पाव उचलला.

"जा आता. ट्रे निवतील."

मास्तर बाहेर येऊन मागच्या सीटवर बसले. गल्ल्यामागून मास्तरीणबाईंनी हात उंच करून बेकरीवालीला एक खूण केली, मग दुसरी, जरा लांबलचक. बेकरीवालीचे खांदे हलले. तिने हेल्मेटची काच खाली ओढली.

"काय म्हणाली गं ती?" मास्तरांनी समोरच्या पाठीला विचारलं.

गाडी हलली होती.